खालची कवळी

लढाईच्या मुलखात जाताना माणसं पाणी नेतात, औषधं नेतात. धाकटा वडिलांची खालची कवळी घेऊन निघाला होता.

कवळ्या बनवणं हाच त्याचा धंदा. पण घरच्या गिऱ्हाइकाचं कधी समाधान होतं का? "डावीकडे बोचतंय रे, बोक्या," ही बाबांची रोजची रड. बोक्या हे नावही फक्त बाबांच्याच तोंडी, तेही दोघंच असताना. थोरल्या भावालासुद्धा ते नाव ठाऊक नव्हतं. शेवटी खालची कवळी घरी ठेवून, नुसती वरची लावून बाबा पलीकडच्या गावी आत्याला आणायला गेले. मागोमाग गोळीबार सुरू झाला. आत्या परत आली नाही, बाबाही नाहीत.

"बाबा भेटलेच नाहीत तर ही लावणार कुणाला?" गाडी चालवता चालवता थोरल्याने विचारलं.

"तुला. नाहीतरी सारखा दात काढत असतोस."

दोघेही हसले. मग जळकी घरं लागली आणि हसू आटलं.

भर दुपारी चौकीवर गाडी अडवली. वाळूच्या पोत्यांच्या सावलीत अधिकारी बसला होता, तोंडाला रुमाल बांधून. शिपायांनी दोघांना खाली ओढलं, धाकट्याची पिशवी मातीत उपडी केली. कवळी घासायची कानस पडली, कवळीची डबी पडली.

"हे काय आहे?"

"कवळी, साहेब. वडिलांची. त्यांनाच शोधायला निघालोय."

अधिकारी थोरल्याकडे वळला. "हा कोण तुझा?"

थोरल्याने भावाकडे पाहिलं, मग बंदुकीकडे. "कोणी नाही, साहेब. वाटेत हात केला म्हणून घेतला गाडीत."

"दादा, अरे..."

"बघा! लगेच दादा. असली माणसं नाती लावण्यात पटाईत असतात, साहेब."

अधिकाऱ्याने रुमाल सोडला आणि हसला. वरचा उजवा सुळा किंचित तिरका होता. सरळ दात खोटे वाटतात म्हणून बाबांनी हट्टाने तसाच बसवून घेतलेला. खाली नुसत्या हिरड्या.

"ही... ही कुठे मिळाली तुम्हाला?"

अधिकाऱ्याने डबी उघडून खालची कवळी तोंडात घातली. एकाच्या मापाची कवळी दुसऱ्याला बसत नाही. धाकट्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं.

ती बसली. टक् असा आवाजही आला.

अधिकाऱ्याने जबडा हलवून पाहिला. मग थोरल्याकडे बोट करून तो बोलला, आणि आवाज बाबांचा होता.

"हा माझा कोणी नाही. थोरल्याला जाऊ द्या."

थोरला जागीच थिजला. आवाज त्यानेही ओळखला होता.

तरी तो गाडीत बसला. निघाला. मागे वळून पाहिलं नाही.

धूळ खाली बसली. शिपाई भलतीकडेच बघत राहिले.

अधिकाऱ्याने कानस उचलून धाकट्याच्या हातात दिली.

"अजून डावीकडे बोचतंय रे, बोक्या," तो हळूच म्हणाला.

आणि डोळे मिटून, आ वासून, बाबा बसायचे तसा वाट पाहत बसला.