गायरानातल्या रेघा आणि ग्रामसभा

आमच्या गायरानात एक परका माणूस चुन्याच्या रेघा मारत होता आणि माझी स्कूटी त्याच्या ताज्या रेघेवरून गेली. त्यानं हात केला. मी थांबले.

"रेघ मोडली की मॅडम."

"गावाला न इचारता मारली तर मोडणारच," मी म्हणाले.

तो हसला. वैताग असा, की हसताना तो चांगला दिसत होता. नाव जयराज, गाव पाटणकडचं, नोकरी सौरऊर्जेच्या कंपनीत. इथं सोलर प्लेटा बसल्या की शेतीला दिवसा वीज मिळणार होती. पण त्याला ग्रामसभेचा ठराव हवा, नाहीतर प्रकल्प दुसऱ्या तालुक्यात जाणार. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वीज रात्रीच येते म्हणून भर थंडीत उसाला पाणी पाजायला जातात. त्यामुळे तो ठराव मलाही त्याच्याइतकाच हवा होता.

त्यानं सरपंचांना सांगून सभा ठेवली संध्याकाळी साडेसहाला. आमच्या जैन गल्लीतून एकही माणूस गेला नाही आणि माणसं कमी पडली म्हणून सभा रद्द झाली. दुसऱ्या दिवशी स्वारी तोंड पाडून आमच्या दारात. तुमच्या लोकांचा विरोध कशाला आहे, एवढंच सांगा, म्हणत होता. मला हसू आवरेना.

"आवं, इरोध कसला? आमी दिवस मावळायच्या आत जेवतो. तुमी नेमकी जेवायच्या टायमाला सभा ठेवली. धंदा सूर्याचा, आणि त्यो बुडताना सभा?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "मग... कवा ठेवू?"

ते विचारणं मला फार आवडलं. खोटं कशाला सांगू!

पुढचे काही दिवस मी त्याला घरोघर फिरवलं. बायका दुपारी मोकळ्या असतात, धनगरांच्या हरणाबाईची मेंढरं त्या रेघांवरूनच चरायला जातात, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं जुन्या रेघा स्वतः पुसल्या. हरणाबाईला पुढं चालवलं आणि ती दाखवेल ती वाट सोडून नव्या मारल्या. चुन्याच्या हातानंच तो घाम पुसायचा, कपाळ पांढरं व्हायचं, आणि मी मुद्दाम सांगायची नाही.

सभा दुपारी भरली. मंडप पुरला नाही. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांआधी हरणाबाईचा हात वर गेला. माझा मात्र उचलेना. ठराव झाला की ह्याचं इथलं काम संपलं, हा पुढच्या गावाला जाणार... हे मला तेव्हा कुठं उमगलं. समोर अण्णा बसले होते. रडू येत होतं, तरी मी हात वर केला. ठराव मंजूर झाला.

माणसं पांगायला लागली तसा तो माझ्याजवळ आला.

"हात वर करायला एवढा उशीर? मी लय घाबरलो."

"ठराव झाला. आता तुमी जाणार."

"जाणार." त्यानं अण्णांकडं पाहिलं. "मी मराठा, तुमी जैन. तुमच्या अण्णांना भेटायचं मनात हाय. पण—"

"पण आधी कुणाला इचारायचं, ते अजून शिकला न्हाईसा?"

"शिकलो." त्याचा आवाज खाली आला. "ब्राह्मी, माझ्यासंगं संसार करशील?"

सतरंजी गुंडाळता गुंडाळता हरणाबाई थांबली. मी सगळ्यांदेखत हात वर केला.

अण्णांनी वळून पाहिलं. पण हात खाली घे म्हणाले नाहीत.