रिकाम्या वस्तीचं सांडपाणी

कचरा डेपोसाठी आराखड्यात दोनच जागा उरल्या होत्या. एक तिच्याच कॉलनीमागची, पाळणाघराच्या भिंतीला लागून. दुसरी बंद पडलेल्या कारखान्याची कामगार वस्ती, जिथे आता चिटपाखरूही नव्हतं. तीन शहरांचं पाणी, सांडपाणी आणि कचरा एका नकाशात बसवायचं काम तिच्याकडे होतं. पण हल्ली तो अख्खा नकाशा तिच्या डोळ्यांपुढे त्या एका भिंतीपाशी येऊन अडायचा. लेकीला आधीच धाप लागायची. धुरा-धुळीपासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वस्ती खरंच रिकामी आहे, हे जागेवर बघून साहेबांना कळवायचं, एवढंच बाकी होतं. पाळणाघराच्या दारात लेक तिचं बोट सोडेना. कसंबसं सोडवून ती फिटरबरोबर निघाली.

वस्तीतल्या घरांची दारं विटांनी चिणून टाकलेली होती. पाण्याचे पाइप कापून त्यांच्या तोंडांना बुचं मारलेली.

"इथे भूतसुद्धा राहायचं नाही, मॅडम," फिटर म्हणाला. "अंघोळीचे वांधे!"

ती हसली. त्याने पहार घालून सांडपाण्याच्या लाइनीतल्या शेवटच्या चेंबरचं झाकण उचललं आणि तसाच वाकून राहिला.

"काय झालं?"

"पाणी चाललंय."

मनगटाएवढी धार, संथ, सतत. "जमिनीतून झिरपत असेल," ती म्हणाली.

"झिरपा गार असतो. हात लावून बघा."

तिने हातमोजा चढवून हात घातला. पाणी कोमट होतं. बोटांवर फेस राहिला. त्याला साबणाचा वास होता, लहान बाळांना लावतात तसल्या.

मग नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ती दोघं एकेक चेंबर उघडत वर सरकली. कोरडं चेंबर लागलं की पाणी कुठून शिरतं ते कळतं. कोरडं चेंबर लागलंच नाही. चिणलेल्या प्रत्येक घराच्या मोरीतून बारीक धार येत होती. एका घराची धार तुटक होती. मगभर पाणी यायचं, थांबायचं, पुन्हा मगभर. त्या थांबण्यात साबण लावण्याइतकाच वेळ जात होता. सकाळी लेकीला पायांवर घेऊन तिने असंच पाणी घातलं होतं.

"साहेबांना सांगून टाका," फिटर कुजबुजला.

"काय सांगू? विटा अंघोळ करतायत?"

तेवढ्यात साहेबांचाच फोन आला.

"हं, बोला. राहतंय का कुणी?"

तिने समोरच्या विटांकडे पाहिलं. सिमेंट जुनं होतं, फटींत शेवाळ वाळलं होतं. मग तिला लेकीचा खोकला आठवला.

"नाही, साहेब. कुणीच नाही."

"नक्की ना? नंतर माझ्या डोक्याला ताप नको."

"मी स्वतः बघितलंय. डेपो इथेच येऊ द्या."

चेंबरमधलं पाणी थांबलं.

थोडा वेळ काहीच नाही. मग सगळ्या घरांतून एकदम लोंढा आला. घर सोडताना माणसं पिंपं, बादल्या, घागरी ओतून उपड्या करतात, तसा.

आणि मग कोरडं.

फिटरने झाकणं लावलीच नाहीत. "चला मॅडम," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन ती कॉलनीत शिरली. इमारतीच्या तळमजल्यावरचं घर कित्येक वर्षं बंद होतं. कुलूप गंजलेलं, पाण्याचं मीटरसुद्धा काढून नेलेलं. त्याच्या मोरीचा पाइप जिन्याशेजारच्या उघड्या गटारात उतरत होता.

पाइपातून वाफ येत होती.

ती थबकली. कोमट पाणी. फेस. तोच वास. समोरच्या इमारतीतली विकली न गेलेली घरं अंधारी होती. तिथल्या पाइपांखालची जमीनही ओली दिसत होती.

मगभर पाणी पडलं. थांबलं. पुन्हा मगभर.

तिने लेकीला घट्ट आवळलं. लेक दचकली, किरकिरली आणि रडू लागली.

आतलं पाणी थांबलं.

ती थोपटत राहिली. बंद दारामागे कुणीतरी हातातला मग तसाच धरून ऐकतंय, असं तिला वाटलं. हळूहळू लेकीचं रडणं हुंदक्यांवर आलं, मान खांद्यावर कलली, डोळे मिटले.

मग पाइपातून पुन्हा धार लागली. या वेळी अगदी बारीक, बाळ उठू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने ओतल्यासारखी.