वेदनांक

साताऱ्याच्या वेदना-न्यायाधिकरणात पुन्हा त्या खुर्चीत बसताना अन्वी खरमाटेला कसलीच उत्सुकता उरली नव्हती. डोक्याला जाळी बांधून घ्यायची, डोळे मिटायचे, आकडा ऐकायचा. २०७१ सालात अपघाताची भरपाई डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरत नसे. माणसाच्या मेंदूला प्रत्यक्ष किती दुखतंय, हे यंत्रच शंभरपैकी आकड्यात सांगे. त्या आकड्याला वेदनांक म्हणत, आणि दरमहाची भरपाई त्यावरच ठरे.

चार वर्षांपूर्वी अन्वी वीज खात्यात वायरमन होती. खांबावरून उतरून रस्त्याकडेला हातमोजे काढत असताना एक विनाचालक गाडी तिच्या अंगावर आली. कंबरेचं हाड सांधलं, पण चिरडलेली नस कुठल्याच औषधाला दाद देईना. तेव्हा वेदनांक अडुसष्ट आला होता. मिळालेली भरपाई दवापाण्यातच संपे, सोबतीला बाई ठेवणं जमेना. मुलगी किमया घरात अडकली. जहाजावरच्या शिक्षणाची तिची जागा दोनदा हुकली, तेव्हा अन्वीनं भरपाई वाढवून मिळावी म्हणून अपील केलं.

आजचा आकडा आला, एकवीस.

"यंत्र बिघडलंय," किमया म्हणाली.

"यंत्र ठीक आहे," न्यायाधिकरणाचे डॉक्टर बिडकर म्हणाले. "पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला काही दिवसांनी गिरणी ऐकू येत नाही. मेंदू तो आवाज बाजूला सारायला शिकतो. तुमच्या आईच्या मेंदूनं दुखणं तसं बाजूला सारलंय. बाई, व्यायाम करता ना? त्यानंच मेंदूला ही सवय लागते."

"चार वर्षं. रोज. रडत रडत," अन्वी म्हणाली. "मग ही त्याची शिक्षा का?"

"कायदा दुखणं मोजतो, बाई. सोसणं नाही मोजत."

एकवीसवर होती तीही भरपाई तिसऱ्या हिश्श्यावर येणार होती. कायद्यात एकच वाट होती, मूळमापन. एका इंजेक्शननं मेंदूची ती सवय पुसली जाई आणि नसेचं उघडं दुखणं मोजता येई.

"सवय परत येते?" अन्वीनं विचारलं.

"आपोआप नाही. पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते."

"आई, नको," किमया म्हणाली. "मी नाही जात कुठं."

ते इतक्या सवयीनं म्हटलं गेलं, की अन्वीला वाटलं, ही पोरगी आपल्याएवढीच दमलीय.

"द्या इंजेक्शन," ती म्हणाली.

पाच मिनिटांनी तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून दारातला शिपाई बाहेर निघून गेला. वेदनांक त्र्याऐंशी. अपील मंजूर झालं, सोबतीच्या बाईचा पगारही मिळाला. कारकुनानं निकालाचा शेवट वाचून दाखवला. दरवर्षी फेरमापन होईल, वेदनांक उतरेल तशी भरपाई उतरेल आणि मूळमापन पुन्हा करता येणार नाही.

किमयानं चाकांची खुर्ची हळूहळू बाहेर आणली. प्रत्येक फरशीच्या सांध्याला अन्वीचे डोळे गच्च मिटत होते.

"उद्यापासून व्यायाम सुरू करू, आई. मी जायच्या आत थोडं तरी कमी होईल."

"तुझं शिक्षण किती वर्षांचं?"

"पाच."



"मग पाच वर्षं व्यायाम नाही," अन्वी म्हणाली. "रिक्षा बोलाव. आणि मला उचलताना बोलत राहा काहीतरी."