दक्षिणेकडचा उतार

"माझ्या छपरावर हातोडी कुणी चालवली, एवढं शोधून दे," व्हर्ना स्टकी म्हणाल्या. "कंपनीच्या लेखी मीच लबाड ठरले."

थेल्मा रडिक शांतपणे ऐकत होती. विमा कंपनीची नोकरी सोडून ती आता खासगी तपास करायची. तिचा मेहुणा वेंडेल मात्र आतून उकळत होता. कॅन्ससात गारांमागून लबाड येतातच, पण या म्हातारीला छळून कुणाला काय मिळणार होतं?

गारांचं वादळ उत्तरेकडून आलं होतं. विमा कंपनीचा तपासनीस मार्लो याने गारांचे घाव मोजायला दोन्ही उतारांवर मेणखडूने चौकोन आखले आणि फक्त उत्तरेकडच्या कौलांची भरपाई मंजूर केली. कौलांखालच्या फळ्या खचल्यात, कडेचा पत्राही धरा, असा छपराचं काम करणाऱ्या रूफर कून्सने आग्रह धरला. मार्लो पुन्हा आला, तर दक्षिणेला हातोडीचे घाव. भरपाईसाठी केलेली बनवाबनवी म्हणून कंपनीने सगळाच दावा फेटाळला.

"आता मोठ्या खोलीत बादल्या ठेवते," व्हर्नाबाई म्हणाल्या. "गार्थ म्हणतो, आई, घर विक, वृद्धाश्रमात चल. गिऱ्हाईकही आणलंय त्यानं."

"मोठ्या खोलीत झोपता?"

"नाही गं. माझा नवरा डिक गेल्यावर तिथं डोळा लागेना. गार्थनंच शिवणाच्या खोलीत पलंग हलवून दिला. गुणाचं पोर."

"रूफर, तपासनीस आत आले होते?"

"दोघांसाठी कॉफी केली होती. दोघंही अंगणातूनच गेले. मीच ओतून टाकली."

वेंडेल शिडी धरून उभा राहिला, मग थेल्माने त्यालाही वर बोलावलं. दक्षिणेचा एक घाव बरोबर खडूच्या रेघेवर बसला होता, खडू आत दाबला गेला होता. शिवणाच्या खोलीवरचा तुकडा तेवढा धड होता.

"दमला असेल मारून मारून," वेंडेल म्हणाला.

थेल्मा नुसती हसली.

कून्स भेटला तोच भडकलेला. "मी केलं असतं, तर तिकडच्या धुराड्याच्या पत्र्याच्या टोप्या सोडल्या असत्या? गार काय टोपी बघून बाजूला पडते? हे अडाण्याचं काम आहे."

वेंडेलला तोच चोर वाटला. अख्ख्या छपराचं काम त्यालाच मिळणार होतं.

मार्लोने हात झटकले. "पहिल्यांदा दक्षिणेला ओरखडाही नव्हता. दिसतं ते लिहितो मी."

संध्याकाळी गार्थ पीचची गोड पाय-पेस्ट्री घेऊन आला. "कून्सचंच काम हे. आईला आता या घराचा जाच पुरे झाला."

थेल्माने घरातल्या सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं.

"घाव खडूच्या रेघेवर आहे, म्हणजे पहिल्या पाहणीनंतरचा. टोप्यांना धक्का नाही, म्हणजे कून्सचा नाही. दावा बुडाला तर त्याचंही काम बुडतं. राहिला मार्लो. पण मारणाऱ्यानं एकच जागा राखली, बरोबर व्हर्नाबाईंच्या पलंगावरची. आत पाऊल न टाकलेल्या माणसाला तो पलंग कुठं आहे हे कसं कळणार? ते माहीत होतं तो हलवणाऱ्याला, आणि दावा बुडाला की घर विकावंच लागणार, हेही."

वेंडेलने मान खाली घातली. चोर सोडून तो संन्याशाला फाशी द्यायला निघाला होता.

गार्थने पेस्ट्री कापायची सुरी खाली ठेवली. "तुझ्याच भल्यासाठी गं, आई. एकटी मरशील इथं."

व्हर्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "आता दावा उघडेल?"

"उघडेल. फळ्या, कडेचा पत्रा, आणि दक्षिणेची नासधूसही तुमची नव्हे, दुसऱ्याच्या हातची म्हणून मिळेल," थेल्मा म्हणाली. "पण तो हात कुणाचा, ते तुमच्या सहीनं सांगावं लागेल. मग त्याला धरायला शेरीफ येईल."

बाहेर पाऊस लागला होता, मोठ्या खोलीत बादलीत पाणी ठिबकत होतं. वेंडेलला वाटलं, आई आहे, झाकेल पोराला.

"लिही, थेल्मा," व्हर्नाबाई म्हणाल्या. "नाव पूर्ण लिही. आणि पलंगावरची जागा सोडली होती, तेही लिही."

"ते कशाला?" वेंडेलने विचारलं.

"शेरीफला कळू दे, माझ्या पोराला माया आहे. आई भिजलेली त्याला बघवत नव्हती. घराबाहेर काढलेली चालणार होती."