नाशिकला पाठवायचा फोटो

"मॅडम, ही बॅग आत नको. हिला एक्स-रे लागला तर माझं वाटोळं होईल."

त्याचं मनगट टम्म सुजलं होतं, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती, आणि तो बोलत होता बॅगेबद्दल. औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या दवाखान्यात मी एक्स-रे टेक्निशियन आहे. हात-पाय दुखावलेली माणसं मी रोज बघते. पण स्वतःच्या हाडापेक्षा बॅगेला जपणारा हा पहिलाच.

"काय आहे तिच्यात?"

"कॅमेरा. रोलचा. आतला रोल धुवायचा राहिलाय अजून."

मला हसू आलं. "रोल? या जमान्यात?"

"हसा की. सगळे हसतात."

बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. मी बॅग घेतली, बाहेर नेऊन माझ्या टेबलाखाली ठेवली, तेव्हा कुठे तो आत आला. त्याचा हात सरळ करून मी म्हटलं, "आता हलू नका."

"मी लोकांना असं कधी सांगत नाय," तो म्हणाला. "हलतात तेव्हाच फोटो चांगला येतो."

"इथं नाही येत. गप्प बसा."

तो गप्प बसला. पण बघत होता... माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावर खिडकीतून पडलेल्या उजेडाकडे. निदान मला तरी तसं वाटलं.

नाव धम्मपाल. गाव पाचोड, नोकरी वाळूजला एका कारखान्यात, आणि रविवार सगळा जुन्या शहरातल्या गल्ल्यांत. रंगीन दरवाजाजवळ उलटं चालत फोटो काढत होता. मागे पायरी होती. "मला सोडून सगळ्यांना दिसली," तो म्हणाला.

हाड मोडलेलं नव्हतं, मनगट नुसतं मुरगळलं होतं. पट्टी बांधून निघताना तो कोपऱ्यातल्या दारापाशी थबकला. दारावर अजून जुनी पाटी आहे, डार्करूम.

"ही चालू हाय?"

"नाही. नवं मशीन आलं तेव्हापासून बंद. आत मोडके पंखे ठेवलेत."

"नळ? लाल दिवा?"

"असेल की."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला लॉटरी लागल्याचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरांना भेटला. डॉक्टरांना जुन्या गोष्टींचं भारी कौतुक. ते म्हणाले, रविवारी दवाखाना दुपारी बंद होतो, मग वापर. पण किल्ली सुलेखाकडे राहील.

सुलेखा म्हणजे मी. अशी माझी रविवारची दुपार गेली... आणि खरं सांगायचं तर मला तिचं काही वाईट वाटलं नाही.

पंखे बाहेर काढले, ओटा घासला. त्यानं लासूर स्टेशनच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला एन्लार्जर, म्हणजे रोलवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, मांडला. नोकरीला लागले तेव्हा मीही थोडे दिवस हातानं एक्स-रे धुतले होते. फोटो पक्का करायच्या औषधाचा, हायपोचा, तो आंबूस वास आला आणि एकदम ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

लाल उजेडात कोरा कागद पाण्यासारख्या औषधात पडायचा, आणि हळूहळू त्याच्यावर शहर उमटायचं. सिटी चौकात स्वतःच्याच खुर्चीत झोपलेला न्हावी. पावसात गाडीच्या बॉनेटवर ऐटीत बसलेली शेळी. सराफ्यात हसता हसता तोंडावर ओढणी धरलेल्या दोघी मैत्रिणी. याच रस्त्यांवरून मी लहानपणापासून जात होते. यातलं मला काहीच कसं दिसलं नव्हतं?

"रंगीत का नाही काढत?" मी एकदा विचारलं.

"रंगीत घरी धुता येत नाय. दुसऱ्याकडं द्यावं लागतं. मला हे..." त्यानं ट्रेमधल्या कागदाकडे मान केली, "हे उमटताना बघायचं असतं."

मग मीही त्याच्याबरोबर फिरायला लागले. शहागंज, गुलमंडी, पैठण गेट. तो पुढे, मी दोन पावलं मागे. उलटं चालायला लागला की शर्ट धरून ओढायला. आमचं 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मात्र आठवत नाही.

एकदा त्यानं कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी लगेच चेहऱ्यापुढे हात धरला.

"माझा नको."

त्यानं कॅमेरा खाली घेतला. कारण विचारलं नाही. म्हणूनच मी ते सांगितलं, चहाच्या टपरीवर, कपाकडे बघत. मागच्या वर्षी स्थळांना पाठवायला आईनं माझा स्टुडिओत फोटो काढून घेतला होता. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर मला असली गोरी केली, की मीच मला ओळखलं नाही. जालन्याची माणसं बघायला आली. मुलाच्या मावशीनं मोबाइलमधला फोटो बघितला, मग मला बघितलं. परत फोटो, परत मी. आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटोत येगळीच दिसती व्हय पोरगी." आईनं मान खाली घातली. माझ्या रंगाचं नाही, आईच्या त्या खाली गेलेल्या मानेचं मला लई लागलं.

धम्मपालनं चहा संपवला. "बिस्कीट घेणार?" एवढंच म्हणाला. त्या वेळी याहून चांगलं काही बोलता आलं असतं असं मला अजूनही वाटत नाही.

दिवाळीच्या आधी मामांचा फोन आला. नाशिकचं स्थळ, आपल्यातलंच, मुलगा बँकेत, माणसं चांगली. फोटो पाठवा. आई अंगणवाडीतून येऊन तशीच माझ्यापुढे बसली. "सुले, या वेळी नाय म्हणू नको. मी तरी किती दिवस पुरणार?" मी म्हटलं, बरं. पण स्टुडिओत जाणार नाही, फोटो मी काढून आणते.

"बरं बाई. थोडा उजळ काढायला सांग तेवढा."

रविवारी डार्करूममध्ये मी विचारलं, "धम्मपाल, माझा एक फोटो काढशील?"

तो इतक्या झटकन वळला की हातातला चिमटा खाली पडला. "कधीही."

"नाशिकला पाठवायचाय. स्थळ आहे."

चिमटा शोधायला तो खाली वाकला, आणि उठायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"बरं हाय की," तो म्हणाला. मग धुतलेलाच ट्रे पुन्हा धुवायला लागला.

त्यानं नाही म्हणायला हवं होतं का? मला नक्की काय ऐकायचं होतं? घरी जाताना रिक्षात मी स्वतःवरच चिडले होते.

फोटोच्या रविवारी मी सकाळची रजा टाकली आणि आईची मोरपिशी साडी नेसले. "रंग तर येणारच नाय," तो म्हणाला, पण बघत राहिला. शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरमागे एक गल्ली आहे, तिथं सकाळी भिंतीवरून मऊ ऊन खाली उतरतं. त्यानं मला तिथं उभं केलं. चालत्या माणसाचा फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत काढणारा हा पोरगा, कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि खाली घ्यायचा. परत लावायचा...

"काय झालं?"

"फोकस."

"मी तर हलत पण नाही."

"तू नाय. माझा हात हलतोय."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून एका शेळीनं माझा पदर तोंडात धरला आणि ओढला. मी पदर सोडवायला वळले, आणि हसू आवरेना. तेवढ्यात खट्ट आवाज आला.

रोल धुऊन वाळला. दुपारी लाल दिव्याखाली आम्ही दोघं उभे राहिलो. कागद मांडताना तो म्हणाला, "साधा काढू?"

"आई म्हणाली, उजळ हवा."

त्यानं मला समजावलं. कागदावर उजेड जितका जास्त पडेल, तितका फोटो काळा होतो. मध्ये हाताची सावली धरली, की तेवढा भाग उजळ राहतो. बोलता बोलता त्यानं माझ्या चेहऱ्यावर, म्हणजे कागदावरच्या, आपला तळवा धरला आणि हळूहळू हलवत राहिला.

कागद औषधात पडला. भिंत आली, पदर आला. चेहरा आला तो पिठात बुडवून काढल्यासारखा. डोळे होते, हसू होतं, पण सगळं कुठंतरी लांब गेलेलं.

"जमला?" त्यानं विचारलं.

"उजळ आलाय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कोरडा वाटला.

"नाशिकचा झाला." त्यानं दुसरा कागद घेतला. या वेळी त्यानं दोन्ही हात पाठीमागे धरले.

हा फोटो सावकाश उमटला. आधी डोळे. मग गाल, कपाळ, आईसारखी माझी हनुवटी. भिंतीच्या फिक्या चुन्यापुढे माझा सावळा चेहरा, आणि त्यावर उतरलेलं ऊन. मी ट्रेवर वाकून बघत राहिले. ही मी होते. दात दाखवून हसणारी, केस विस्कटलेली. कुणी माझ्याकडे बघतं तेव्हा मी अशी दिसते?

का हाच एकटा असं बघत होता?

"हा कुणासाठी?" मी विचारलं. मान वर केली नाही.

त्यानं ट्रे उगाचच हलवला. नळातून पाणी ठिबकत होतं.

"पाचोडला न्यायचा म्हणत होतो. आईला दाखवायला." मग घाईघाईनं, "तू नाय म्हणालीस तर नाय नेणार. नाशिकचं चांगलं असंल तर... तुझं तू बघ. पण मला हे आधीच सांगायचं होतं, सुलेखा. त्या दिवशी चिमटा पडला तेव्हाच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू फोटो मागितलास. पहिल्यांदा स्वतःहून. म्हटलं, आधी तो नीट काढावा."

माझे डोळे भरून आले. लाल उजेडात ते दिसत नाही, हे एक बरं असतं.

"आणि तुझी आई म्हणाली, पोरगी काळी हाय, तर?"

"म्हणू दे की. मी तिला म्हणेन, माझ्यापेक्षा उजळ हाय."

मला हसू आलं. त्यालाही आलं, पण त्याची नजर भीतभीत माझ्यावरच होती, उत्तराची वाट बघत. मी चिमटा घेतला, तो पिठासारखा फोटो ट्रेमधून उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"अजून एक असाच काढ," मी म्हटलं. "आमच्या आईसाठी. तिलाही बघू दे, तिची पोरगी कशी दिसते."

"आणि नाशिक?"

"मामांना आज संध्याकाळी फोन करते."

त्यानं नवा कागद काढला. कागद नीट बसेना. मी पुढे होऊन त्याचा एक कोपरा धरला. आमची बोटं एकमेकांना लागली, आणि दोघांनीही ती काढून घेतली नाहीत.

"धम्मपाल..."

"हं?"

"पाचोडला फोटो एकटाच नको नेऊस."