पाचवा तारा

मी माझं पुस्तक दुकानातल्या फळीवर पुढे आणून ठेवलं, आणि शेजारच्या उंच माणसाने ते उचलून सरळ मागे सारलं!

"अहो, काय चाललंय?"

"तुमचं भलं. वेबसर्व्हर चालवायला शिकायचंय ना? मग हे नको. मी एकच तारा दिलाय याला."

एक तारा! म्हणजे हाच तो! नेटवर वाचकांच्या मतांत सगळ्यात वर ठाण मांडून बसलेला खडूस. त्याच्यापायी प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचं नावही काढत नव्हते.

"मीच लिहिलंय ते," मी मान ताठ करून म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. पण माघार? छे!

"मग ऐका. वाचनालयाची साइट मी सांभाळतो. तुम्ही लिहिलंत तसा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला गेलो... सकाळभर साइट आडवी!"

"बंद करण्याआधी सेटिंगमधले बदल तपासायचे असतात. मागच्याच पानावर लिहिलंय."

"असलं पुस्तक पहिल्यापासून कोण वाचतं हो? काम अडलं की माणूस नेमकं हवं ते पान उघडतो. इशारा तिथेच हवा."

मेला बरोबर बोलत होता. शिवाय हसताना गालाला खळी पडत होती, ते वेगळंच.

"मत बदलाल?"

"तुम्ही पुस्तक बदला. मग बघू."

बघाच म्हटलं! एकेक पान नव्याने लिहायला घेतलं. तपासायला तोच तयार झाला. दर रविवारी तो कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात यायचा, मुद्दाम मधलंच पान उघडायचा, आणि त्यात लिहिलंय तसं करून जुन्या लॅपटॉपवरचा सर्व्हर बंद पडतो का ते बघायचा. पडला की मी हिरमुसायचे. तो म्हणायचा, "चिडू नका, पुन्हा लिहा." हळूहळू पडेनासा झाला. हळूहळू 'अहो'चं 'अगं' झालं. एकदा माझी बट सावरायला त्याचा हात उठला... आणि उगाचच कपाकडे वळला.

नवा मजकूर वाचून प्रकाशकांचा आपणहून फोन आला. दुसरी आवृत्ती निघाली! आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिने ती अख्ख्या मजल्याला दाखवली.

त्याच संध्याकाळी त्याचं मत झळकलं— 'कुठलंही पान उघडा, दगा देणार नाही.' अभिमानाने माझा ऊर भरून आला. मग ताऱ्यांकडे लक्ष गेलं. चारच!

मी तडक वाचनालय गाठलं. "पाचवा कुठे गेला?"

"मुद्दाम कापला. सगळे दिले तर लोक म्हणतील, घरच्याच माणसाने कौतुक केलंय."

"घरचा माणूस? तू? कधीपासून?"

कान पुन्हा लाल. "ते... तू म्हणशील तेव्हापासून. मला फार अभिमान वाटतो गं तुझा. आणि— प्रेम आहे माझं तुझ्यावर."

मी त्याचा हात घट्ट धरला.

"आजपासून," मी म्हटलं. "चल, आईला भेटायला. पण तो पाचवा तारा का कापलास, ते तिला तूच समजाव!"