हिजांग्वाआजीची राख

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड बंदराच्या धुक्यात कपडे वाळत नाहीत, तशा फोटोच्या काचाही. जर्मनांच्या छावणीत त्या धुण्याचं काम माझ्याकडे होतं. काचेवर काळंपांढरं उलटं दिसतं, तरी माणूस ओळखायची मला सवय झाली होती.

त्या दिवशी तारेआडच्या आम्हा सगळ्या हेरेरो जमातीच्या कैद्यांचे फोटो निघणार होते. माझ्या मुरांगीदादानं सैन्याच्या गाड्या लुटल्या होत्या. इथं तो खोट्या नावानं लपला होता. फोटो देशाच्या आतल्या भागातल्या लष्करी ठाण्यावर जाणार, तिथला एक व्यापारी त्याला चेहऱ्यानं ओळखत होता. ओळख पटली की फास. माझा जीव टांगणीला लागला होता.

हिजांग्वाआजी पहाटेच गेली. कुळाचा पवित्र विस्तव तिनं जन्मभर सांभाळला. सैनिकांनी तो बुटांनी विझवला, तेव्हा मूठभर राख तिनं कातड्यात बांधून आणली. मरताना तीच सगळ्यांच्या कपाळाला लावून म्हणाली, "माझी लेकरं हुडकतायत मेले! हुडका म्हणावं!"

फोटो काढताना छावणीचा कॅप्टन दादासमोर थबकला. "हे काय फासलंय?" त्यानं अंगठ्यानं राख पुसली आणि त्याच हातानं स्वतःच्या कपाळावरचा घाम टिपला.

मी पहिली काच धुतली. कोट दादाचा, चेहरा आजीचा.

दुसरी. आजी.

तिसरी. खालचे दात नसलेलं आजीचं तेच हसू. मलाही हसू आवरेना.

कॅप्टन फोटोवाल्यावर खेकसला, "पिऊन आलास का?"

तारेआडून दादा ओरडला, "का साहेब, चेहरा आवडला नाही?"

"कॅमेऱ्यातच खोट आहे. माझा काढ!" कॅप्टननं फोटोवाल्याला फर्मावलं.

ती काचही मी धुतली. गणवेश, बिल्ले, आणि आजी.

फोटोवाल्यानं सगळ्या काचा फोडल्या आणि बंदराकडे पळत सुटला. ठाण्यावर एकही फोटो गेला नाही.

संध्याकाळी फाटकाशी पहारेकरी कुणालातरी ढकलत होता.

"ए म्हातारे! साहेबाचा कोट चोरलास?"

"मूर्खा, मी कॅप्टन आहे!"

"हो का? मग मी कैसर. चल आत!"

फाटक बंद झालं. 

दादानं सरकून जागा केली.

"ये आजी, बस," तो म्हणाला. "बूट तेवढे काढ."